चौथ्या चारीची खोटी सूचना

"रविवारी सकाळी दहाला चावी हापिसात आणून द्या, म्हस्कूआबा. ह्या पोरीलाबी संगं घेऊन या. इंदापूरवरनं फौजदार मॅडम येणार हायेत."

एवढं बोलून पाणीवापर संस्थेचे चेअरमन विजयसिंहराव गाडीवर बसले आणि धुरळा उडवत निघूनही गेले. अंगणात आबा उभे, दारात त्यांची नात सुकन्या उभी, आणि तिच्या मागे तिची धाकटी बहीण छकुली, तोंडात अर्धी चिंच. छकुलीला काहीच कळलं नव्हतं, म्हणून तिने चिंच चोखायचं काम बिनघोर चालू ठेवलं.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे बरं का. शेळगावच्या चौथ्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या पाटावर, लोखंडी दारं आहेत. ती वरखाली करायला हातभर लांब दांडा लागतो, त्यालाच सगळे चावी म्हणतात. गेली बावीस वर्षं ती चावी आबांच्या खांद्यावर होती. त्याआधी त्याच खांद्यावर मेंढरं वळायची काठी असायची. मेंढरं विकली, काठी कोपऱ्यात गेली आणि चावी आली. आबांनी कधी सख्ख्या भावाला पाच मिनिटं पाणी जास्त दिलं नाही की ज्याच्याशी बोलणं बंद त्याला पाच मिनिटं कमी दिलं नाही. आणि आज त्यांच्याकडून चावी मागितली जात होती, तीही सुकन्यामुळे.

"आबा, मी नाही टाकली ती सूचना," सुकन्या म्हणाली.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले. पण त्यांनी चावी भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे न बघता ते गोठ्याकडे गेले.

सुकन्याला रडू आलं. रडायला बसावं, तर बसवेना. पोरीच्या पायाला जन्मापासून भिंगरी. तिने अंगणातल्या अंगणात दहा चकरा मारल्या.

झालं होतं ते असं. पाणी कधी कुणाला मिळणार, त्या पाळ्या संस्थेचा कारकून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. चारीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, राहणाऱ्यांना तो फळा बघायला तीन किलोमीटर यावं लागे. सुट्टी लागली तशी सुकन्या रोज सकाळी फळ्याचा फोटो काढायची आणि आईच्या फोनवरून फेसबुकच्या पेजवर टाकायची. पेज तिनेच काढलं होतं. नाव दिलं होतं, 'चौथी चारी पाणीवापर संस्था, शेळगाव'. हे नाव घेऊ का, असं तिने कुणालाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. महिन्याभरात तीनशे लोक ते पेज बघायला लागले आणि टेलच्या बायका रस्त्यात थांबवून तिला शाबासकी देऊ लागल्या.

मग मंगळवारी संध्याकाळी संस्थेच्या नावाने एक सूचना फिरली, की टेलची पाळी बुधवारऐवजी शनिवारी आहे. खाली फळ्याचा फोटोही होता. टेलची माणसं निवांत घरी राहिली. बुधवारी पहाटे आबांनी नेहमीप्रमाणे दार उघडलं आणि ते वरच्या दाराकडे निघून गेले. पाणी सुटलं, पण टेलला पोचलंच नाही. पाळी गेली. आता पुन्हा पाणी पंधरा दिवसांनी. टेलच्या द्वारकाबाईंची काकडी नेमकी फुलावर आली होती, आणि वर मे महिन्याचं ऊन.

आज शुक्रवार. म्हणजे सुकन्याच्या हातात दोन दिवस होते.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. रविराज. चेअरमन विजयसिंहरावांचा हा मुलगा बारामतीला शिकायला होता आणि सुट्टीला गावी आला होता. चौथीपर्यंत तो आणि सुकन्या एका बाकावर बसले होते आणि त्या बाकावर मधोमध आखलेली रेघ दोघांनाही अजून तोंडपाठ होती.

"याला तोतयेगिरी म्हणतात," त्याने आल्या आल्या माहिती पुरवली. "दुसऱ्याचं सोंग घेऊन लोकांना फसवायचं. पप्पांनी पोलिसांच्या अर्जात तोच शब्द लिहिलाय. शुद्धलेखन मीच तपासलं."

"तू तपासलंस?"

"मला काय माहीत कुणाबद्दल आहे. खाली तुझं नाव वाचेपर्यंत 'सगळं बरोबर आहे' असं सांगून झालं होतं."

सुकन्याने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने सायकल स्टँडवर लावताना उगाच दोनदा स्टँड काढलं.

"पण तू केलं नाहीस ना?" त्याने हळूच विचारलं.

"सूचना मी नाही टाकली," सुकन्या म्हणाली. आणि मग थांबली. एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. महिन्यापूर्वी एक शेतकरी पाळी सोडून पाणी घेत होता, तेव्हा तिने पेजवर लिहिलं होतं, 'कार्यालयाच्या आदेशावरून पाळी मोडू नये.' असा कुठलाही आदेश नव्हता. लोकांनी ऐकावं म्हणून तिने ठोकून दिलं होतं. लोकांनी ऐकलंही. तेव्हा गंमत वाटली होती, आता ती ओळ टोचत होती.

"आधी ती सूचना बघू," ती म्हणाली. "माझ्या पेजवर ती नाहीच. मग लोकांनी बघितली कुठं?"

एका सायकलवर तिघं निघाले. छकुली पुढच्या दांडीवर, सुकन्या मागे, आणि मध्ये घामाघूम रविराज.

द्वारकाबाई काकडीच्या वाफ्यात बसल्या होत्या. वेलाची पानं दुपारच्या उन्हात कोमेजून खाली लोंबत होती. त्या रागावून काही बोलल्या असत्या तर सुकन्याला बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्याच म्हणाल्या, "फळा लांब पडतो म्हणून तुझ्या फोटूवर भरवसा ठेवला गं पोरी."

"काकी, ती सूचना आहे का फोनमध्ये?"

"सूनबाईनं मला धाडलीया. बघ की."

सूचना आता इंटरनेटवरून गायब झाली होती, पण सूनबाईंनी तिचा जसाच्या तसा फोटो काढून पाठवला होता. सुकन्या तो बघू लागली. नाव तेच, अगदी अक्षरन् अक्षर. पण नावाशेजारचं गोल चित्र वेगळं होतं. तिच्या पेजवर चारीच्या दाराचं चित्र होतं. इथे हार घातलेली माणसं लाल फीत कापत होती.

"हे नव्या ऑफिसचं उद्घाटन," रविराज म्हणाला. "हे बघ पप्पा. म्हणजे याच नावाचं दुसरं पेज आहे."

त्याने शोधलं. होतंच. एक्केचाळीस लोक बघणारे, दोन वर्षांपूर्वीचे उद्घाटनाचे फोटो, बाकी शुकशुकाट. चालवतो कोण, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

"पण फळ्याचा फोटो कुठून आला?" सुकन्या पुटपुटली आणि फोटो मोठा करून बघायला लागली. फळ्यावर लिहिलं होतं, 'टेल, शनिवार, सकाळी सहा'. शेजारी छोटंसं चित्र होतं. मेंढीचा कान, त्याला दोन खाचा.

छकुलीने मान घालून बघितलं. "आबांची खूण," ती म्हणाली. "पाणी पोचलं."

सुकन्याने फोटो आणखी मोठा केला.

आबांना लिहिता येत नव्हतं. पूर्वी आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून ते मेंढराच्या कानाला दोन खाचा मारत. चावी हातात आल्यावर तीच खूण त्यांनी फळ्यावर आणली. एखाद्या पाळीचं पाणी शेवटच्या वाफ्यात गेलेलं डोळ्यांनी बघायचं, मग ऑफिसवर यायचं आणि त्या पाळीपुढे कान काढायचा. त्याआधी कधीच नाही. लोक त्याला आबांची नक्षी समजून सोडून देत.

"जी पाळी अजून यायचीय, तिच्यापुढं आबांची खूण असूच शकत नाही," सुकन्या भराभर बोलू लागली. "हा फोटो जुना आहे. गेल्या महिन्यात टेलची पाळी शनिवारीच होती. माझ्याच पेजवरचा फोटो उचलून नवा म्हणून टाकलाय. ज्याने टाकला त्याला खुणेचा अर्थच माहीत नाही. आणि मला तो माहीत आहे."

"म्हणजे तू सुटलीस," रविराज म्हणाला.

"मी सुटले म्हणजे आबा सुटले असं नाही. ते म्हणतील, तुमच्या पोरीच्या पेजमुळे हे सुरू झालं. बुधवारचं पाणी कुठं गेलं ते सापडलं पाहिजे. चल, उठ."

"आत्ता? या उन्हात?"

पण सुकन्या चारीच्या कडेने चालायलाही लागली होती.

कोरडी चारी, तापलेली माती, दोन्ही बाजूंना ऊस. तिघं टेलकडून वर वर येत होते. किलोमीटरभर आल्यावर छकुली अचानक ओरडली, "चिखल!" चारीच्या तळाशी एका जागी माती अजून ओली होती. काठावरचं गवत दबलेलं, आणि तिथून उसामधून आत जाणारा जाड पाइप ओढल्याचा पट्टा. पट्टा धरून तिघं आत शिरले. उसाच्या पात्यांनी हातापायांवर ओरखडे काढले, छकुलीची एक चप्पल हरवली आणि परत सापडली, आणि मग ऊस संपला.

समोर शेततळं होतं. निळा कागद अंथरलेलं, काठोकाठ भरलेलं.

रविराज काठावरच थांबला.

"कुणाचं आहे?" सुकन्याने विचारलं, जरी उत्तर तिला माहीत होतं.

"युवराजदादाचं." युवराज त्याचा चुलतभाऊ. स्टँडवर मोबाइलचं दुकान होतं आणि यंदा त्याने मासे पाळायचं मनावर घेतलं होतं. "गेल्या रविवारी मी इथंच होतो. गुडघाभर पाणी होतं. मासे मरतील म्हणून तो पार वैतागला होता." रविराजने एक ढेकूळ उचललं आणि परत खाली ठेवलं. "आणि ऑफिसच्या उद्घाटनाचे फोटो त्यानेच काढले होते."

सुकन्याला त्याची दया आली. ती मनात म्हणाली, याने आता घरी जायचं ठरवलं तर मी याला अडवणार नाही.

पण रविराज म्हणाला, "पेज त्याचंच आहे हे सिद्ध कसं करायचं? तो साफ नाही म्हणेल. मी एक सांगू? पप्पांच्या नावाने खोटं खातं काढू. लिहू, 'युवराज, बुधवारचं काम झकास झालं.' तो काहीतरी बोलून जाईलच."

युक्ती फक्कड होती. सुकन्याने आईचा फोन हातात घेतला, नाव टाइप करायला सुरुवातही केली. 'विज' एवढं उमटलं आणि तिचा अंगठा थांबला.

"नको," ती म्हणाली.

"का? तो फसवतो तर आपण का नाही?"

"मग फौजदार मॅडमना काय सांगू? तोतयेगिरी केली नाही, फक्त परवा थोडीशी केली?" तिने अक्षरं पुसली. "माझ्या पेजला कुणी निरोप पाठवला की आईचा फोन वाजतो. तसा त्या पेजला पाठवला की ज्याचं पेज त्याचा फोन वाजणार. आपण आपल्याच नावाने पाठवायचा. सगळ्यांसमोर."

"आणि युवराजदादाच्या फोनला निरोप आला की घोडा खिंकाळतो," छकुली म्हणाली. हे अख्ख्या शेळगावला ठाऊक होतं.

शनिवार सुकन्याने कसा काढला ते तिलाच माहीत. तिने तीनदा अंगण झाडलं, दोनदा कोंबड्या मोजल्या, आणि जेवताना इतकी चुळबुळ केली की आईने ताट उचलून घेतलं. आबा मात्र दिवसभर चावीला तेल लावत बसले होते. उद्या द्यायची आहे तर गंजलेली कशाला द्यायची, एवढंच म्हणाले.

रविवारी दहाला संस्थेच्या ऑफिसात पन्नासेक माणसं कोंबून बसली होती. खुर्चीवर फौजदार सुप्रिया मॅडम, शेजारी विजयसिंहराव, मागे भिंतीला टेकून युवराज. आबांनी चकचकीत चावी टेबलावर ठेवली. लोखंडाचा आवाज झाला.

"मॅडम, संस्थेचं नाव वापरून पेज काढलं, ही तोतयेगिरीच न्हवं का?" विजयसिंहराव म्हणाले.

"नुसतं नाव वापरलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही, चेअरमनसाहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बातमी देणारा नाव लिहितो, तक्रार करणाराही लिहितो. पण 'मीच ती संस्था' असं भासवून लोकांना फसवलं, त्यात कुणाचं नुकसान केलं किंवा स्वतःचा फायदा केला, तर ती तोतयेगिरी. तेव्हा सूचना कुणी टाकली ते आधी बघू. सुकन्या कोण?"

सुकन्या उभी राहिली. एकदा तोंड उघडल्यावर ती थांबली नाही. दुसरं पेज, जुना फोटो, कानाच्या दोन खाचा. खुणेचा अर्थ सांगितला तेव्हा माणसं एकमेकांकडे बघू लागली. बावीस वर्षं फळा वाचून कुणी तो विचारला नव्हता.

"आता मी त्या पेजला माझ्या नावाने निरोप पाठवते," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

सगळे कान टवकारून बसले. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. घोडा नाही, गाढव नाही, काहीच नाही. युवराज गालातल्या गालात हसला. "पोरखेळ हाय नुस्ता," तो म्हणाला.

सुकन्या गोंधळली. चुकलं आपलं? मग आबांची चावी? तिने फोनकडे बघितलं. निरोप गेलाच नव्हता, नुसतं चक्र गरगरत होतं.

"ताई, हितं रेंज कुठाय," छकुली तिचा फ्रॉक ओढत म्हणाली. "पत्रा हाय की वर. रेंज फळ्यापाशी येती."

मॅडम उठल्याच. "चला, मलाही तो फळा बघायचाय. सगळे बाहेर या. तुम्हीही या," हे शेवटचं युवराजला.

माणसं फळ्यापाशी जमली. मॅडम वाकून कानाची खूण बघत होत्या. बुधवारच्या पाळीपुढे जागा कोरी होती, कारण आबांनी तिथे खूण केलीच नव्हती. आणि तेवढ्यात, त्या शांततेत, युवराजच्या खिशातून घोडा खिंकाळला.

सुकन्याने पुन्हा बटण दाबलं. घोडा पुन्हा खिंकाळला. तिसऱ्यांदा छकुलीने दाबलं, कारण तिला आवडलं होतं.

"फोन दाखवता का?" मॅडमनी हात पुढे केला.

युवराजचा चेहरा पडला, पण जीभ चालूच होती. "पेज तर संस्थेचंच हाय. काकांनीच मला काढायला लावलं उद्घाटनाला. मग मी तोतया कसा?"

"नाव खरं, पण ही सूचना द्यायला तुम्हाला संस्थेने सांगितलं होतं?"

युवराजने काकाकडे बघितलं. विजयसिंहरावांचा आवाज बसला होता. "म्या न्हाय सांगितलं. असलं काय पेज हाय हेच इसरून गेलो हुतो."

"पप्पा," रविराज पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "बुधवारचं पाणी दादाच्या शेततळ्यात आहे. गेल्या रविवारी तिथं गुडघाभर होतं, आता काठोकाठ आहे. मी बघितलंय." त्याने युवराजकडे बघायचं टाळलं नाही, हे सुकन्याने नंतर कितीतरी वेळा आठवलं.

युवराजला दुपारी जबाब द्यायला इंदापूरला जावं लागणार होतं. मॅडमनी वही मिटली, तेव्हा सुकन्याने हात वर केला.

"मॅडम, माझं अजून एक आहे." ती पुढे आली. "मी पण एकदा खोटं लिहिलं होतं. 'कार्यालयाच्या आदेशावरून' असं. आदेश नव्हता."

आबांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

"कशासाठी लिहिलंस?"

"लोकांनी ऐकावं म्हणून. कुणी पाळी मोडू नये म्हणून."

मॅडमनी मिटलेली वही मिटलेलीच राहू दिली. "हा गुन्हा नाही. पण चूक आहे, आणि ती तुला कळलीय. पेज कुणाचं आहे ते आजच्या आज स्वच्छ लिही. आणि माझ्या नोकरीत मला असं न विचारता सांगणारी तू पहिलीच."

विजयसिंहरावांनी आत जाऊन चावी आणली आणि दोन्ही हातांनी आबांपुढे धरली. "चुकलं आमचं, म्हस्कूआबा. अर्ज देण्याआधी इचारायला पायजे हुतं. घरातलं पेज घरात न्हाय बघितलं आन् तुमच्या पोरीवर आलो. पोरगी लई हुशार हाय तुमची." मग त्यांनी रविराजच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

"द्वारकाबाईंची काकडी हाय अजून," आबा चावी खांद्यावर घेत म्हणाले. "टेलला आजच पाणी सोडू का?"

"सोडा. शेततळ्यातलं बी पंपानं परत चारीत टाकू."

संध्याकाळी पेजचं नाव बदललं. 'चौथ्या चारीच्या पाण्याच्या वेळा. चालवते सुकन्या, इयत्ता आठवी. हे संस्थेचं पेज नाही. चूक दिसली तर मला सांगा.' नाव लांबलचक झालं, असं रविराजचं मत पडलं. सुकन्या ते ऐकायला जागेवर नव्हतीच. पाणी सुटलं होतं आणि ती पाण्याबरोबर चारीच्या कडेने पळत होती. पाणी पुढं गेलं की ती पुढं, पाणी खड्ड्यात थबकलं की ती थबके. तीन किलोमीटर. पाणी द्वारकाबाईंच्या शेवटच्या वाफ्यात शिरलं, कोरड्या भेगांमधून बुडबुडे आले, आणि द्वारकाबाईंनी ओल्या हाताने तिच्या गालाला चिखल लावला.

ती धापा टाकत फळ्यापाशी आली तेव्हा आबा खडू घेऊन उभेच होते.

"पोचलं?"

"पोचलं. शेवटच्या वाफ्यात. मी बघितलं."

आबांनी खडू तिच्या हातात दिला. बावीस वर्षांत तो त्यांनी कुणाला दिला नव्हता. सुकन्याने टेलच्या पाळीपुढे कान काढला. धाप अजून बसली नव्हती, त्यामुळे कान जरा वाकडा झाला. मग एक खाच, मग दुसरी.

"आबा, वाकडा आलाय."

"येऊ दे," आबा म्हणाले. "खरा हाय."